शहात्तर मणक्यांची मान

माणसाच्या मानेत ७ मणके असतात. उंदराच्या मानेत ७, बैलाच्या मानेत ७ आणि एवढ्या उंच जिराफाच्या मानेतही ७च. स्लॉथ आणि मॅनाटी असे मोजके अपवाद सोडले तर सस्तन प्राण्यांत हा आकडा कुणी मोडत नाही. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात मात्र २००७ मध्ये खाणकाम करणाऱ्यांना एक सांगाडा लागला आणि त्याच्या मानेतले मणके मोजले तर भरले ७६. प्राणी ११.२ मीटर लांब, त्यातली ७ मीटर नुसती मान. २०१२ मध्ये त्याचं नाव ठेवलं गेलं अल्बर्टोनेक्टेस. मानेच्या मणक्यांचा याहून मोठा आकडा अजून कुठल्या प्राण्याच्या नावावर लागलेला नाही.

हा प्राणी प्लेसिओसॉर या गटातला. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी हे प्राणी समुद्रात दिसू लागले आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. मधली १३ कोटी वर्षं ते जगभरच्या समुद्रांत पोहत होते. अंटार्क्टिकाच्या खडकांतही त्यांची हाडं सापडली आहेत. इतका काळ टिकलेल्या प्राण्याची मान ‘निसर्गाची गंमत’ म्हणून सोडून देता येत नाही. चित्र बघताना सगळ्यांचे डोळे मानेवरच जातात, ते साहजिक आहे. पण माझं म्हणणं असं की हे मानेचं कोडं धडात दडलेलं आहे. धड कसं होतं हे कळल्याशिवाय मान कळत नाही.

त्याआधी एक गोष्ट निकालात काढू. साक्रीचा माझा भाचा चित्र बघून हमखास विचारतो, “मामा, हाऊ डायनासोर शे का?” नई शे. डायनासोर ही जमिनीवरच्या प्राण्यांची शाखा, मगरी आणि पक्ष्यांच्या नात्यातली; पाय शरीराच्या थेट खाली, खांबासारखे सरळ. प्लेसिओसॉरची शाखाच वेगळी, तिचं नाव सॉरोप्टेरिजिया. दोघं एकाच काळातले, दोघं सरीसृप, दोघांची मान कधीकधी लांब. संबंध तेवढाच. खेळण्यांच्या डब्यात ते एकत्र मिळतात म्हणून घोटाळा होतो.

या मानेवर आधी कुणाचा विश्वासच बसला नव्हता. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस नावाचं गाव आहे. तिथल्या कड्यांमधून जीवाश्म काढून विकणारी मेरी अ‍ॅनिंग ही गरीब घरातली बाई. शाळा नावापुरतीच झालेली, पण हाडं ओळखण्यात भल्याभल्यांना भारी. डिसेंबर १८२३ मध्ये तिने एक जवळजवळ पूर्ण सांगाडा काढला. त्याआधी १८२१ मध्ये हेन्री डे ला बेच आणि विल्यम कॉनिबेअर यांनी तुटक्या हाडांवरून ‘प्लेसिओसॉरस’ हे नाव दिलेलं होतं. अख्खा प्राणी दिसला तो आत्ता. डोकं इवलंसं, मान न संपणारी. त्या काळचा सगळ्यात मोठा शरीररचनातज्ज्ञ, पॅरिसचा जॉर्ज क्युव्हिए, याने शंका काढली. सरीसृपाच्या मानेत इतके मणके असूच शकत नाहीत; कुणीतरी दोन प्राण्यांची हाडं जोडली असणार. क्युव्हिएने ‘बनावट’ म्हटलं असतं तर अ‍ॅनिंगचा धंदा बसला असता. पण हाडं जोडलेली नव्हती आणि पुढे क्युव्हिएनेही ते मान्य केलं.

२० फेब्रुवारी १८२४ रोजी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत कॉनिबेअरने हा सांगाडा मांडला. त्याच बैठकीत विल्यम बकलंडने मेगॅलोसॉरस जाहीर केला, म्हणजे शास्त्रीय नाव मिळालेला पहिला डायनासोर. एकाच संध्याकाळी दोन्ही. अ‍ॅनिंग त्या बैठकीला नव्हती. त्या सोसायटीत बायकांना सदस्यत्व मिळायला १९१९ उजाडलं. सांगाडा काढणारीचं नाव कागदावर न घेता सांगाड्याचं कौतुक करण्याची ही रीत इंग्लंडपुरतीच होती असं मी म्हणणार नाही.

दुसरी फजिती अमेरिकेत झाली. कॅन्ससमधून आलेल्या एका मोठ्या प्लेसिओसॉरला एडवर्ड ड्रिंकर कोप या शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये इलास्मोसॉरस असं नाव दिलं आणि सांगाडा मांडताना डोकं चुकीच्या टोकाला बसवलं, शेपटीच्या! आज हसू येतं, पण कोपच्या जागी उभं राहून बघा. एका बाजूला ७२ मणक्यांची निमुळती होत जाणारी लांबच लांब रांग, दुसऱ्या बाजूला आखूड. सरपटणाऱ्या प्राण्यात लांब ती शेपूट, आखूड ती मान, असा त्याने हिशेब धरला. १८७० मध्ये जोसेफ लायडीने चूक दाखवून दिली आणि कोपने छापून वाटलेल्या प्रती परत गोळा करायची धडपड केली. क्युव्हिएला मान पटली नाही, कोपला ती दिसूनही ओळखता आली नाही. दोघांच्याही डोक्यात सरीसृपाचा एकच ठरलेला साचा होता.

आता मान लांब होते कशी ते बघू. उसाची दोन कांडी शेजारी ठेवा. एकाला पेरं मोजकी पण एकेक पेर हातभर; दुसऱ्याला पेरं आखूड, पण मोजता मोजता थकाल इतकी. लांबी दोन्हींची सारखी. लांब मानेचे हेच दोन मार्ग आहेत. जिराफाने पहिला घेतला, मणके तेच ७, एकेक मणका ताणलेला. प्लेसिओसॉरने दुसरा घेतला, मणके बेताचे आखूड, संख्या मात्र वाढवत नेली.

पहिल्या मार्गाचं टोक म्हणजे टॅनिस्ट्रोफियस. साधारण २४ कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी स्वित्झर्लंड-इटलीच्या हद्दीवरच्या माँते सान जॉर्जो डोंगरातून भरपूर मिळतो. याचा प्लेसिओसॉरशी जवळचा संबंध नाही. प्राणी पाचसहा मीटरचा, मान ३ मीटर, आणि त्या ३ मीटरमध्ये मणके फक्त १३. मानेच्या बरगड्या काडीसारख्या बारीक आणि लांब, एकावर एक चढलेल्या, त्यामुळे मान ताठ. ती इतकी विचित्र होती की सुरुवातीला तिचे मणके उडणाऱ्या सरीसृपाच्या पंखाची हाडं समजले गेले. २०२३ मध्ये दोन नमुन्यांचा बारकाईने अभ्यास झाला. दोन्हींत डोकं आणि मानेचा पुढचा भाग शाबूत, पण मान मध्येच तुटलेली, आणि तुटलेल्या जागी दातांच्या खुणा. कुणी मोठ्या शिकाऱ्याने मान तोडली, मांसल धड नेलं आणि हाडकुळं डोकं-मान टाकून दिली. लांब मानेची किंमत काय असते याचा यापेक्षा रोखठोक पुरावा मिळणं कठीण. तरीही टॅनिस्ट्रोफियसचा वंश लगेच संपला नाही. लांब मान धोक्याची होती, पण परवडणारी होती.

त्याच्याच नात्यातला चीनमधला डायनोसेफॅलोसॉरस याने मात्र दुसरा मार्ग धरला: मानेत ३२ मणके. जवळच्या नातलगांतसुद्धा दोन वेगळे रस्ते निघतात, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मजेशीर वाटतं.

मणके वाढतात कुठे? गर्भात. भ्रूणाच्या पाठीवर लहान लहान गठ्ठ्यांची जोडरांग तयार होत जाते आणि प्रत्येक गठ्ठ्यापासून मणक्यांचे भाग बनतात. कुठला मणका मानेचा, कुठला छातीचा, कुठला कंबरेचा हे हॉक्स नावाची जनुकं ठरवतात. ‘मान इथे संपते, छाती इथे सुरू’ ही हद्द मागे सरकली की मानेच्या वाट्याला जास्त मणके येतात. शिवाय एकूण गठ्ठेच जास्त तयार झाले तर तीही भर. सस्तन प्राण्यांत ही हद्द हलली तर बहुधा इतरही बिघाड होतात, म्हणून ती हलत नाही. सरीसृपांना आणि पक्ष्यांना ती मोकळीक आहे. प्लेसिओसॉरच्या घराण्याने ती पुरेपूर वापरली.

आणि फार लवकर वापरली. २५.२ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरचा आजवरचा सर्वांत मोठा संहार झाला. समुद्रातल्या बहुतेक जाती नाहीशा झाल्या. मोकळ्या झालेल्या समुद्रात जमिनीवरचे काही सरीसृप उतरले. चीनच्या हुबेई प्रांतातला चुसॉरस हा २४.८ कोटी वर्षांपूर्वीचा लहानसा प्राणी त्यांच्यातलाच. त्याच्या मानेत १७ मणके, मानेची लांबी धडाच्या निम्म्याच्या आसपास. पुढच्या ५० लाख वर्षांत त्याच्या नातलगांची मान धडाच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचली. ५० लाख वर्षं ऐकायला खूप वाटतात, पण उत्क्रांतीच्या वहीत ती चारदोन ओळींची नोंद आहे.

पॅकिप्लुरोसॉर, नोथोसॉर, पिस्टोसॉर ही त्यांच्या वाटेवरची नावं. पाठ करायची गरज नाही. क्रम लक्षात ठेवा: सुरुवातीचे प्राणी किनाऱ्याजवळचे, सरड्यासारखे, शरीर आणि शेपूट नागमोडी हलवत पोहणारे, बोटांमध्ये पडदे असलेले. मग हळूहळू धड ताठ आणि आखूड झालं, शेपटीचं काम कमी झालं, पायांचं वाढलं. पायाची बोटं एकत्र येऊन वल्ही झाली. म्हणजे मान लांबत होती त्याच वेळी पोहण्याचं इंजिन शेपटीतून पायांत सरकत होतं.

आता धड. प्लेसिओसॉरचं धड रुंद आणि चपटसर. खांद्याची हाडं आपल्यासारखी पाठीवर नाहीत, ती पोटाच्या बाजूला रुंद पाट्यांसारखी पसरलेली. खुब्याची हाडंही तशीच. या दोन पाट्यांच्या मधल्या जागेत पोटाच्या बरगड्यांची घट्ट जाळी. एकूण काय, खालून बघितलं तर हा प्राणी हाडांनी बांधून काढलेला. कंबरेत वाकणं नाही, पिळणं नाही. एवढ्या रुंद पाट्यांना स्नायू धरायला भरपूर जागा, आणि ते स्नायू वल्ही खाली ओढायचे. धड ताठ असल्यामुळे स्नायूंनी लावलेला जोर शरीर हलवण्यात वाया न जाता पाण्याला लागायचा.

वल्ही चार, आणि चारही जवळजवळ सारख्या आकाराची. इथे थांबण्यासारखं आहे. समुद्री कासव पुढच्या वल्ह्यांवर पोहतं, मागची दिशा देण्यापुरती. पेंग्विन पुढच्या पंखांवर, सील मागच्या पायांवर, देवमासा शेपटीवर. चारही हातपाय एकसारखे पंख करून पोहणारा प्राणी आज एकही नाही. आपल्या बोटात हाडं जास्तीत जास्त ३. प्लेसिओसॉरच्या एकेका बोटात दहापेक्षा जास्त. कोपर आणि गुडघा जवळपास गोठलेले. वल्हं खांद्यापासून एकसंध, लांबट, टोकाला निमुळतं. ते पाणी मागे ढकलण्यापेक्षा विमानाच्या पंखासारखं काम करायचं: वरखाली हलवलं की पुढे खेच मिळायची. बहुतेक अभ्यासक याला ‘पाण्यातलं उडणं’ म्हणतात.

पण चार पंख एकामागे एक असतील तर पुढच्यांनी ढवळलेल्या पाण्यात मागच्यांना अडचण व्हायला हवी. तशी होते का, हे २०१७ मध्ये इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी यांत्रिक वल्ही बनवून पाण्याच्या टाकीत तपासलं. निकाल उलटा आला. पुढच्या वल्ह्यांनी मागे सोडलेल्या भोवऱ्यांच्या फटीतून मागची वल्ही योग्य वेळी हलली तर त्यांचा जोर ६० टक्क्यांपर्यंत वाढतो आणि कार्यक्षमता ४० टक्क्यांपर्यंत. मागच्या जोडीने तालात राहायचं, एवढीच अट. एकदा हे कळलं की चार पंखांची रचना १३ कोटी वर्षं का टिकली याचं नवल वाटत नाही.

इंजिन धडात आणि पायांत गेलं म्हणजे शरीराचं पुढचं टोक मोकळं झालं. मासा, शार्क, देवमासा यांना मान जवळजवळ नसते कारण ते शेपटीने ढकलले जातात. पुढचं टोक लवचीक असेल तर दर फटक्याला डोकं डोलेल आणि दिशा बिघडेल. ताठ धड आणि चार पंख असलेल्या प्राण्याला ही अडचण नाही. मान लांब ठेवण्याची मुभा त्याला धडाने दिली.

पाण्याचा विरोध? तोही तपासून झाला आहे. ब्रिस्टल विद्यापीठातल्या गटाने २०२२ मध्ये वेगवेगळ्या प्राण्यांच्या संगणकीय प्रतिकृतींवरून पाणी वाहवून बघितलं. मान धडाच्या दुपटीपेक्षा लांब झाली की विरोध वाढतो, हे खरं. पण शरीर मोठं असेल तर वजनाच्या हिशेबात तो विरोध भरून निघतो. इलास्मोसॉरसारख्या अतिलांब मानेच्या प्राण्यांची धडंही मोठीच होती. इथेही उत्तर धडातच सापडलं.

आता ही मान वापरायची कशी? जुन्या चित्रांत प्लेसिओसॉर पाण्यावर राजहंसासारखी मान उभारून बसलेला दिसतो. ते चित्र डोक्यातून काढा. हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवच्या बाजूला, थंडीत गेलात तर तिरंदाज पक्षी दिसतो. अंग पाण्याखाली आणि सापासारखी मान तेवढी वर, एका क्षणात इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळवून तो मासा भोसकतो. त्याला ते जमतं कारण पक्ष्यांच्या मानेच्या मणक्यांची टोकं खोगिराच्या आकाराची असतात, एकमेकांवर दोन दिशांनी घसरणारी. प्लेसिओसॉरच्या मणक्यांची टोकं जवळपास सपाट. दोन मणक्यांमधली हालचाल अगदी थोडी. मणक्यांच्या वरच्या बाजूला निघालेले उंच काटे एकमेकांना अडवणारे. ७० सांध्यांत थोडी थोडी मिळून हालचाल होते, पण ती लांब, सावकाश वळणाची, झटक्याची नाही. नेमकी किती, यावर अभ्यासकांचे आकडे जुळत नाहीत, कारण मणक्यांमधली कूर्चा दगडात उरत नाही आणि तिची जाडी धरावी तसा आकडा बदलतो. हंसासारखी घडी मात्र कुणाच्याच हिशेबात बसत नाही.

शिवाय वजन. ७ मीटर मान हवेत उचलायची तर मागे टेकू हवा. पाण्यात तरंगणाऱ्या शरीराला टेकू नाही; मान वर घेतली की धडाचा पुढचा भाग खाली बुडणार. पाण्याखाली मात्र मानेचं वजन पाणीच उचलतं. १९३४ सालचं स्कॉटलंडमधल्या लॉख नेस सरोवरातल्या ‘राक्षसा’चं ते प्रसिद्ध छायाचित्र, ज्यात मान पाण्याबाहेर डौलात उभी आहे, ते खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेलं नकली डोकं निघालं. तसंही ते सरोवर बर्फ वितळून तयार झालं त्याला १० हजार वर्षंच झाली आहेत.

मग उपयोग काय होता? एक उत्तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधून आलं. २००५ मध्ये तिथल्या दोन इलास्मोसॉरांच्या पोटातलं अन्न प्रसिद्ध झालं: शिंपले, गोगलगायी, खेकड्यांच्या जातीचे प्राणी. सगळे तळावर राहणारे. म्हणजे धड वर तरंगत ठेवून मान खाली सोडायची आणि तळ चाळत जायचं. दुसरीकडे अनेक नमुन्यांत मासे आणि माखलीच्या नात्यातले प्राणी मिळतात. त्यांच्यासाठी मानेचा दुसरा फायदा मांडला जातो: माशांच्या थव्याला दिसतं ते छोटं डोकं, मोठं धड मागे अंधारात राहतं. हे अनुमान आहे, पण मला ते पटतं. दात लांब, सुईसारखे, तोंड मिटल्यावर एकमेकांत अडकणारे. असे दात मासा निसटू देत नाहीत, पण चावायला निरुपयोगी. घास अख्खाच गिळायचा. पोटात गुळगुळीत दगडही सापडतात. ते वजन वाढवून बुडण्यासाठी की अन्न भरडण्यासाठी हा वाद जुना आहे. शरीराच्या वजनाच्या मानाने ते इतके थोडे असतात की बुडण्याचं कारण मला लंगडं वाटतं.

लांब मान म्हणजे या घराण्याची प्रगती, असं मात्र समजू नका. त्याच घराण्यात उलट दिशेनेही लोक गेले. प्लायोसॉर नावाची मंडळी मान आखूड, डोकं प्रचंड अशी घडली. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरच्या कड्यातून काढलेली एक प्लायोसॉरची कवटी २०२३ मध्ये लोकांसमोर आली, ती एकटीच २ मीटरची. हे शिंपले चाळणारे नव्हेत, इतर सागरी सरीसृपांना फाडणारे. पुढे पॉलिकोटिलिड नावाच्या आणखी एका शाखेनेही मान आखूड केली, स्वतंत्रपणे. धड तेच, वल्ही तीच, डोकं-मानेचं गणित मात्र खाण्यानुसार बदलत राहिलं. एक खात्रीची गाडी आणि पुढे हवं ते अवजार.

हे प्राणी थंड रक्ताचे सुस्त सरडे नव्हते. दातांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड प्रकारांच्या प्रमाणावरून, २०१० मध्ये त्यांचं तापमान ३५ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास काढलं गेलं, म्हणजे जवळपास आपल्याइतकं आणि भुसावळच्या मे महिन्यापेक्षा बरंच कमी. जर्मनीत सापडलेला रॅटिकोसॉरस हा सर्वांत जुन्या प्लेसिओसॉरांपैकी एक, २०१७ मध्ये वर्णन झालेला. त्याच्या हाडांच्या पातळ कापांत भराभर वाढीच्या खुणा दिसल्या. असं गरम, वेगाने वाढणारं शरीर खुल्या समुद्रात थंड पाण्यातही वावरू शकतं.

आणि ते अंडी घालायला किनाऱ्यावर येत नसत. कॅन्ससमधून १९८७ मध्ये निघालेल्या पॉलिकोटिलसच्या मादीच्या पोटात एक गर्भ होता. त्याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आई ४.७ मीटर, पिल्लू सुमारे दीड मीटर. एकच पिल्लू आणि तेही आईच्या जवळजवळ तृतीयांश! थोडी आणि मोठी पिल्लं जन्माला घालणारे प्राणी बहुधा त्यांना सांभाळतातही, त्यामुळे प्लेसिओसॉर कळपाने राहत असतील असा तर्क पुढे आला. २०२५ मध्ये जर्मनीतल्या १८.३ कोटी वर्षांपूर्वीच्या एका नमुन्याची त्वचा तपासली गेली: शेपटीकडे गुळगुळीत, वल्ह्यांवर मात्र खवले. पोहण्याला गुळगुळीत अंग, आणि तळावर वल्हं घासलं तर खवल्यांचं संरक्षण, असा त्याचा अर्थ लावला जातो.

खानदेशातल्या वाचकाला प्रश्न पडेल की यात आपलं काय? तापीच्या काठी गाळ, बाकी सगळीकडे काळा पाषाण. समुद्राचा वास कुठे? थोडं उत्तरेला चला. सुमारे १० ते ९ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा आजच्या नर्मदा खोऱ्यात शिरला होता. त्याने मागे ठेवलेले चुनखडीचे थर धार जिल्ह्यातल्या बाग गावाच्या नावाने ओळखले जातात. त्यांत शिंपले, सागरी साळू, गोल वळलेल्या शंखांचे अमोनाइट आणि शार्कचे दात मिळतात. नंदुरबार जिल्ह्याची उत्तर हद्द नर्मदाच आहे. म्हणजे अक्राणीच्या डोंगरांपलीकडे तेव्हा खारं पाणी होतं. भारत त्या वेळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि जगभरच्या समुद्रांत इलास्मोसॉर भरात होते. भारतातली प्लेसिओसॉरची नोंद त्याहून जुन्या खडकांतली, कच्छमधली: उमियाच्या थरांतल्या जबड्याच्या तुकड्याचं वर्णन रिचर्ड लायडेकर यांनी एकोणिसाव्या शतकातच केलं होतं. त्याच कच्छमध्ये लोडाई गावाजवळ सुमारे साडेपाच मीटरच्या इक्थिओसॉरचा, म्हणजे मान नसलेल्या माशासारख्या सागरी सरीसृपाचा सांगाडा मिळाला, तो २०१७ मध्ये जाहीर झाला.

आपला काळा पाषाण मात्र प्लेसिओसॉरच्या शेवटाच्या वेळचा आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे दख्खनचा लाव्हा थरावर थर पसरत होता. धुळे-नंदुरबार रस्त्याने जाताना शेतांमधून कित्येक किलोमीटर सरळ धावणाऱ्या ज्या डोंगरधारा दिसतात, त्या भेगांत गोठलेल्या लाव्ह्याच्या भिंती. त्याच सुमारास मेक्सिकोच्या युकातान भागात अशनी आदळला. धुळीने सूर्यप्रकाश अडला, समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती मेल्या, त्यांच्यावर जगणारे जीव गेले, अमोनाइट गेले, आणि साखळीच्या वरच्या टोकाला असलेले प्लेसिओसॉर उपाशी पडले. लाव्ह्याचा यात वाटा किती, यावर अजून भांडण चालू आहे. अशनीचा वाटा मोठा, याकडे बहुतेकांचा कल आहे. कासवं आणि काही मगरी वाचल्या. कमी खाऊन दिवस काढणाऱ्यांना ते जमलं. गरम रक्ताच्या, सतत खाणं लागणाऱ्या मोठ्या शरीराला जमलं नाही.

बागला जायचं तर शहाद्याहून खेतिया, पानसेमल, बडवानी, कुक्षी असा रस्ता आहे. तिथल्या लेण्यांसाठी लोक जातातच. त्याच परिसरात डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यानही आहे, त्यामुळे काही दिसलं तरी उचलायचं नाही, जागेवरच फोटो काढायचा. अशा सागरी थरांत, मग ते बागचे असोत की कच्छचे, मणका दिसला तर तो कुणाचा हे ओळखायला तीन खुणा पुरतात. दोन्ही बाजूंना खोल वाटी असेल आणि मणका पातळ चकतीसारखा असेल तर तो शार्कचा किंवा इक्थिओसॉरचा. दोन्ही टोकं जवळपास सपाट आणि रुंदी उंचीपेक्षा जास्त असेल तर प्लेसिओसॉरची शक्यता धरा. मग मणक्याची खालची बाजू बघा: प्लेसिओसॉरच्या मणक्याला तिथे शेजारी शेजारी दोन बारीक भोकं असतात, मणक्याच्या आत जाणाऱ्या रक्तवाहिन्यांची. फोटो त्या बाजूचाही हवा, आणि शेजारी एखादं नाणं ठेवा म्हणजे बघणाऱ्याला आकार कळतो.